लॉरीखालचे काका

सिंगापुरातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती येतात त्या सगळ्या एका साच्यातल्या. एमआरटी पाच मिनिटांवर, लाइट कुकिंग चालेल, पाहुणे चालणार नाहीत. काकांची जाहिरात मात्र अशी होती: 'खोली आहे. काय पण खावा. भित्रा माणूस नको.' मी जन्माचा भित्रा. ऑफिसात बॉसनं 'दोन मिनिटं ये' म्हटलं की मी वाटेतच माफी जुळवायला लागतो, आणि विमान सुटण्याआधी हवाईसुंदरी जे सांगते ते मी खरोखर कान देऊन ऐकतो. पण आधीच्या घरमालकानं दोन आठवड्यांत खोली सोडायला सांगितली होती, आणि परक्या देशात सामानासकट रस्त्यावर येण्याची भीती त्या वेळी बाकी सगळ्या भीतींना पुरून उरली होती. मी फोन केला आणि आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही असं ठोकून दिलं.

चोआ चू कांगच्या एका टोकाला, एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, उंच इमारतींच्या पाठीमागे, जुन्या बैठ्या घरांची एक ओळ आहे. त्यातलं शेवटून दुसरं घर काकांचं. खरं तर काकूंचं. काकू इथल्याच, तमिळ, आणि घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. काका कोल्हापूरकडचे. आयटीआयमधून वेल्डर होऊन निघाले ते थेट इथल्या एका शिपयार्डात आले, आणि तीसेक वर्षं जहाजांच्या पोटात शिरून लोखंड जोडत राहिले. मी राहायला गेलो तेव्हा काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. घरात काका, एक जुनी वेल्डिंग मशीन आणि पोर्चमध्ये एक लहान लॉरी, एवढंच कुटुंब होतं. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. पहिल्या दिवसापासून मी 'पुणेकर'.

वेल्डिंगच्या जोडाला काका शिवण म्हणायचे. नजर पडेल त्या शिवणीवरून उजव्या हाताचा अंगठा फिरवायचा, ही त्यांची सवय. डोळे मिटून, अगदी सावकाश. मला खोली दाखवताना खिडकीच्या जाळीवर असाच अंगठा फिरवून ते म्हणाले, "ही माझी. लोंबकळून बघ."

"नको काका, दिसतेय की मजबूत."

"दिसतंय त्यावर काय जातोयस? लोंबकळ."

मी लोंबकळलो. खोलीचा करार आमच्यात तेवढाच झाला.

त्यांच्याबरोबर बाहेर जायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर. खिशात एक छोटी हातोडी असायची. एमआरटीच्या फलाटावर उभं राहिलं की ते कठड्याला हातोडीनं टक् टक् करून आवाज ऐकायचे. रॅफल्स प्लेसला, माझ्या ऑफिसचे लोक आजूबाजूला असताना, त्यांनी सरकत्या जिन्याजवळच्या खांबाला कान लावला. स्टेशनचा माणूस आला. हातोडी घेऊन फिरणारा म्हातारा आणि त्याच्या शेजारी गळ्यात बँकेचं कार्ड घातलेला मी. काकांनी त्या माणसाला शांतपणे इंग्रजीत सांगितलं, "व्हेरी गुड वेल्डिंग. हू डू?" तो हसला आणि गेला. मला मात्र पुढचे तीन दिवस एचआरकडून मेल येईल असं वाटत होतं.

माझी ही भीती अगदीच हवेतली नव्हती. मी इथे एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. पासाचं नूतनीकरण व्हायला आलेलं, कागद पुढे गेलेले, उत्तर यायचं होतं. बायको आणि चार वर्षांची मुलगी पुण्यात बॅगा भरून बसल्या होत्या. अशा वेळी पोलीस, तक्रार, चौकशी यांतल्या कशातही आपलं नाव येता कामा नये, एवढं एकच व्रत मी पाळत होतो. आणि राहत होतो काकांच्या घरी.

आता लॉरी. काकांनी ती एका मासळीच्या व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. शिपयार्ड सुटल्यावर मशीन लॉरीत टाकून ते कुठकुठे जायचे. एखाद्या देवळाचं फाटक, वृद्धाश्रमातला कठडा, कुणाच्या मळ्याचं कुंपण, जे मोडलं असेल ते फुकट जोडून द्यायचे. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे. "ही लॉरी हाय तवर मी भाईर हाय," म्हणायचे. "लॉरी गेली की मी खुर्चीत. खुर्चीतला माणूस दोन वर्षांत संपतोय, बघितलंय मी."

लॉरीच्या तपासणीची तारीख जवळ आली होती, आणि लॉरी गंजली होती. वर्षानुवर्षं मासळीच्या बर्फाचं खारं पाणी खाली ठिबकून चासी, म्हणजे गाडीचा सगळा भार पेलणारा लोखंडी सांगाडा, मागच्या चाकांजवळ खाल्ला गेला होता. काकांनी मला खाली वाकवून दाखवलं. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि जरा दाबला, तर लोखंडाचे खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटले आणि स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. मी उठून दोन हात लांब उभा राहिलो. ज्या गॅरेजवाल्याला त्यांनी गाडी दाखवली होती, त्यानं वर न बघताच 'स्क्रॅप' म्हटलं होतं. ते काकांच्या फार जिव्हारी लागलं.

"दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या ना," मी म्हटलं.

"दुसऱ्याच्या शिवणीवर मी बसत न्हाई."

"पण काका, असं घरी करायला परवानगी असते का? आणि रस्त्यात तुटली तर? कुणाच्या अंगावर गेली तर?"

"म्हणून तर घरी करतोय. रंग लावून लपवणार न्हाई. तपासायला बसलाय त्याला सांगणार, अंगठा फिरवून बघ आणि मग बोल. न्हाई म्हणाला तर न्हाई."

तपासणीवाले हे मान्य करतील असं मला एक क्षणही वाटलं नाही. पण त्यांच्याशी वाद घालायचीही भीती वाटायची.

दर शनिवारी दुपारी काम चालायचं. लॉरीचं मागचं अंग लोखंडी घोड्यांवर उचललेलं, काका खाली उताणे. गंजलेला भाग कापायचा, नवी जाड पट्टी बसवायची, आधी चार टाके मारून धरायची आणि मग सबंध शिवायची. लोखंड तापलं की त्यात मुरलेली मासळी जागी व्हायची. सगळ्या गल्लीत तळलेल्या बांगड्याचा वास सुटायचा आणि कुठकुठल्या मांजरी येऊन पोर्चच्या भिंतीवर बसायच्या. हसू यावं असा प्रकार होता, पण मला तिथे कधी हसू आलं नाही. डिझेलची टाकी ठिणग्यांपासून हातभर लांब. काकांनी तिला ओलं पोतं गुंडाळलं होतं आणि टाकी मुद्दाम काठोकाठ भरून आणली होती. "भरलेल्या टाकीला भ्यायचं नसतं," ते म्हणाले. "रिकामीला भ्यायचं. आत वाफ असती." मी हे इंटरनेटवर तपासून पाहिलं. ते खरं निघालं, तरी मला रात्रभर झोप आली नाही.

शेजारच्या घरात एक निवृत्त चिनी शिक्षिका राहायच्या. त्या कुंपणावरून डोकवायच्या. "अंकल, टुडे ऑल्सो आह? लेटर फायर, हाऊ?"

"नो फायर, आंटी. आय केअरफुल."

"यू केअरफुल, फायर नॉट केअरफुल लाह. आय कंप्लेन, देन यू नो."

काकांनी त्यांच्या कपड्यांच्या दांड्या अडकवायचे हूक नवे करून दिले. त्यावर त्या आठवडाभर गप्प बसल्या. मी मात्र रोज ऑफिसातून परतताना गल्लीच्या तोंडाशी थांबून पोलिसांची गाडी उभी नाही ना, ते आधी पाहायचो.

या सगळ्यात माझं काम होतं मशीनच्या बटणाचं. मशीन पोर्चच्या कोपऱ्यात, बटण भिंतीवर, आणि मी बटणाशी. काका चक्रम असतील, पण हलगर्जी नव्हते. उताणं पडून काम करताना घामानं अंग भिजतं, हातमोजा भिजतो, म्हणून होल्डरमध्ये नवा रॉड बसवताना मशीन बंदच पाहिजे, हा त्यांचा शिपयार्डातला नियम. रॉड संपला की खालून आवाज यायचा, "बंद." मी बंद करायचो. नवा रॉड बसला, हातमोजा चढला, तोंडावर काच आली की आवाज यायचा, "लाव." मी लावायचो आणि तोंड फिरवायचो. दुपारभरात हे पन्नास वेळा व्हायचं. पन्नासही वेळा माझा हात थरथरायचा. "आरं पुणेकर, तू कशाला कापतोयस? आगीजवळ मी हाय," ते म्हणायचे.

आगीच्या भीतीनं मी आणखी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं होतं. दर थोड्या वेळानं बादलीभर पाणी पोर्चच्या फरशीवर ओतायचो. ठिणगी पडली तर विझावी म्हणून. काका ओरडायचे. "माझ्या पाठीखाली तळं करू नको रं. भिजलेल्या माणसाला करंट लागतोय." मी हो म्हणायचो, आणि ते कामात गुंतले की हळूच पुन्हा ओतायचो.

तो शेवटचा शनिवार होता. एकच शिवण राहिली होती, डाव्या बाजूची. काकांनी मला कोपी, म्हणजे इथली पिशवीत बांधून मिळणारी कॉफी, आणायला पाठवलं. मी कोपऱ्यावरून दोन पिशव्या कोपी घेऊन आलो आणि दोन्ही हात अडकलेले म्हणून गेट अर्धं उघडंच ठेवलं. येऊन बटणाशी उभा राहिलो. रॉड संपला. "बंद," काका म्हणाले. मी बंद केलं. खालून हातमोजा काढल्याचा आणि नवा रॉड खणकल्याचा आवाज आला.

तेवढ्यात गेटवर एक बाई आली. फिकट निळा शर्ट, गळ्यात कार्ड, हातात टॅब. "गुड आफ्टरनून. इन्स्पेक्शन."

आंटींनी तक्रार केली, आता नाव विचारणार, पासाचा नंबर विचारणार, एवढंच माझ्या डोक्यात. खालून काकांनीही तिचा आवाज ऐकला असणार. ते दबक्या आवाजात घाईनं म्हणाले, "लाव, लाव."

मी लावलं. मशीन.

ते गेटबद्दल बोलत होते. गेट लाव, दार लाव. आपल्या भाषेत बंद करायचं ते दारही लावायचं असतं आणि चालू करायची ती मशीनही लावायची असते. आयुष्यभर हे दोन्ही अर्थ मी न चुकता वापरत आलो. दुसऱ्या कुठल्याही भाषेतल्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती.

लॉरीखालून एक आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, दात आवळून माणूस कण्हतो तसं काहीतरी. काकांच्या टाचा फरशीवर वाजायला लागल्या. उघड्या हातात रॉड, पाठीखाली मी ओतलेलं पाणी, आणि मूठ सुटत नव्हती.

इथून पुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बटण माझ्या हाताखाली होतं. एक बोट हलवायचं होतं. काय झालं ते मला तत्क्षणी कळलं होतं, कळलं नाही असं म्हणायला जागा नाही. पण ती बाई टॅबवरून मान वर करत होती, आणि माझा हात बटणावर होता. मी हात काढला आणि मागे सरलो. दोन पावलं, कदाचित तीन. बटणाजवळ हा नव्हता असं तिला दिसावं म्हणून. इतक्या स्पष्ट शब्दांत तेव्हा मनात आलं नसेल, पण पायांना ते बरोबर कळलं होतं. मग ती बाई गल्लीतल्या आपल्या सहकाऱ्याला हाक मारायला वळली. तिची पाठ फिरल्यावर मी पुढे झालो आणि बटण बंद केलं. किती सेकंद गेले? चार असतील, सहा असतील. टाचांचा आवाज थांबला.

आम्ही तिघांनी मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं. डोळे उघडे होते, ओठ निळे. तळहात काळा पडलेला. ती बाई गुडघ्यावर बसून त्यांच्या छातीवर दाब देत होती आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. अ‍ॅम्ब्युलन्स आली. नंतर त्या बाईबरोबर निघताना तिच्या सहकाऱ्यानं मला सांगितलं की ते दोघं डासांच्या तपासणीला आले होते. कुंड्यांखाली, पन्हळीत कुठे पाणी साठलंय का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

काका वाचले. संध्याकाळी डॉक्टर आणि आणखी एक अधिकारी त्यांच्या खाटेशी आले. मशीन कुणी चालू केली, असं त्यांनी विचारलं. मी पायथ्याशी उभा होतो. मला वाटलं, आता संपलं. बॅगा भरून बसलेली मुलगी डोळ्यांपुढे आली.

"सेल्फ," काका म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "आय ऑन, देन आय फरगेट. ओल्ड मॅन."

"आणि हा?"

"टेनंट. ही स्केअर्ड ऑफ फायर. ऑलवेज स्टँड फार."

त्या बाईचाही जबाब झाला होता. तिनं सांगितलं, तो तरुण लांब उभा होता. खरंच होतं ते, तिनं पाहिलं तेव्हा मी लांबच उभा होतो. मी 'हो' म्हणालो. एवढंच म्हणालो आणि ते सगळ्यांना पुरलं. घरी लॉरीवर वेल्डिंग केल्याबद्दल नोटीस आली ती काकांच्या नावानं.

तीन आठवड्यांनी माझा पास आला. काकांचा तळहात भरून आला, पण उजव्या अंगठ्यात जाणीव परत आली नाही. गरम-गार, गुळगुळीत-खरखरीत, काहीच नाही. राहिलेली शिवण राहिलीच. टोचन लावून लॉरी न्यायला माणूस आला त्या दिवशी मी ऑफिसातून रजा घेतली होती. काका खाली वाकले आणि आपण शिवलेल्या उजव्या बाजूवरून त्यांनी डावा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ह्याला कळत न्हाई. न्या." तो माणूस लॉरी घेऊन गेला आणि पोर्च एकदम मोठा दिसायला लागला.

बायको-मुलगी आल्यावर आम्ही क्वीन्सटाउनला एका जुन्या एचडीबी फ्लॅटमध्ये राहायला गेलो. महिन्यातून एखाद्या रविवारी मी काकांकडे जातो. ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसलेले असतात. देवळाच्या फाटकाचं काय झालं, वृद्धाश्रमात कुणी जातं का, हे ते मला विचारतात आणि मला त्यातलं काहीच माहीत नसतं. त्यांचे पाय अलीकडे सुजतात. दर खेपेला जाताना मी ठरवून जातो की आज सांगून टाकायचं. काका, चुकून लागलं ते लागलं, पण नंतर मी लगेच बंद केलं नाही. वाक्य तयार असतं. गल्लीच्या तोंडाशी आलो की ते वाक्य मी पुढच्या खेपेवर ढकलतो, आणि आता तर कुठलाही पास जाणार नसतो.

मागच्या रविवारी त्यांनीच विषय काढला. कोपी पीत होतो. मुलीच्या शाळेचं काहीतरी मी सांगत होतो, ते मध्येच थांबवून म्हणाले, "पुणेकर, लॉरीखालनं माणसाचे पाय तेवढे दिसतात, म्हाईत हाय का तुला?"

मी पेला खाली ठेवला.

"मूठ सुटत न्हवती, पण दिसत हुतं सगळं. तुझे पाय मागं गेले."

ते माझ्याकडे न बघता फरशीकडे बघत होते, जिथे लॉरी उभी असायची तिथे.

"भ्यालास. भिणारच की माणूस. मला काय वाटलं सांगू? वाटलं, गेला हा पळून आणि मेलो मी. मग बघतोय तर पाय फिरून पुढं आले." ते हसले. "भ्यालेला माणूस पुढं येतोय, हे लय हाय. मी डाक्टरला खोटं बोललो ते त्या पायांकडं बघून."

मी मान हलवली. ते पाय पुढे आले ते बाईनं पाठ फिरवल्यावर आले, हे त्यांना खालून दिसलं नव्हतं. सांगायला तीच वेळ होती. मी तोंड उघडलंही. पण ते इतक्या समाधानानं कोपी पीत होते, आणि मला भीती वाटली की हे ऐकल्यावर ते मला पुन्हा ये म्हणणार नाहीत. मग मी मुलीच्या शाळेचं जे अर्धं राहिलं होतं ते सांगायला लागलो.